लक्षण, आकांक्षा आणि बीन

साहित्याच्या वर्गात 'व्याख्या' हा शब्द उच्चारला की मुलांच्या वह्या आपोआप उघडतात. लघुकथेची व्याख्या, शोकात्मिकेची व्याख्या, ललित निबंधाची व्याख्या. एखादी गोष्ट काय आहे ते सांगणारे आणि परीक्षेत हमखास विचारले जाणारे वाक्य म्हणजे व्याख्या, अशी आमच्याकडे रूढ समजूत आहे. संगणकाच्या एका शाखेत हाच शब्द निराळ्या कामाला जुंपलेला मला आढळला आणि गेले काही महिने तो डोक्यातून जात नाही. तिथे एखाद्या वस्तूची व्याख्या करायची म्हणजे ती काय आहे हे सांगायचे नसते. ती कोणी जन्माला घालायची, तिला काय काय लागते, ते तिला कोणी आणून द्यायचे, तिच्या किती प्रती असायच्या आणि तिचा शेवट कोणी करायचा, हे आधीच नोंदवून ठेवायचे असते. अशा नोंद झालेल्या वस्तूला 'बीन' म्हणतात, आणि जावा भाषेतल्या 'स्प्रिंग' नावाच्या चौकटीत या बीनांशिवाय पान हलत नाही.

मराठीच्या अध्यापिकेने या भानगडीत का पडावे, हे सांगायला हवे. आमच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. त्यांच्यासाठी मराठीतून पूरक टिपणे तयार करावीत असे ठरले, आणि भाषा पाहण्याचे काम माझ्याकडे आले. विषय संगणकाच्या सरांचा, शब्द माझे, अशी वाटणी झाली. याच सुमारास आमचा एक हुशार विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत अडला. त्याचा प्रकल्प उत्तम चालत होता. त्याला विचारले, बीन म्हणजे काय? तो म्हणाला, क्लासच्या डोक्यावर 'सर्व्हिस' अशी खूण लावली की बीन होते. पुढचा प्रश्न आला आणि तो गप्प झाला. त्याची निवड झाली नाही. "इंग्रजी कच्चं, दुसरं काय," असे स्टाफरूममध्ये बोलले गेले. मी त्याला मराठीतून विचारले.

"मॅडम, आपण फक्त मागायचं. ते आपोआप येतं."

"कुठून येतं?"

"स्प्रिंगकडून."

"पण स्प्रिंगला कसं कळतं, काय द्यायचं ते?"

यावर तो जसा मुलाखतीत गप्प झाला असेल तसाच माझ्यासमोरही झाला. अडचण इंग्रजीची नव्हती. ही गोष्ट त्याला कोणत्याच भाषेत कोणी सांगितलेली नव्हती. खूण लावली की चालते, हा मंत्र तेवढा त्याला मिळाला होता. मंत्राने काम होते, यात वाद नाही. पण ज्या दिवशी होत नाही, त्या दिवशी मंत्र जपणाऱ्यापाशी करण्यासारखे काही उरत नाही.

सरांनी मला ही गोष्ट निकालाच्या उदाहरणाने समजावली. निकाल जाहीर करणारी एक वस्तू आहे असे समजा. तिला 'निकालसेवा' म्हणू. तिला दोन गोष्टी लागतात: गुण साठवलेले भांडार, आणि पालकांना पत्र धाडणारा एक प्रेषक. सरळ मार्ग असा की निकालसेवेनेच आपल्या पोटात 'नवे भांडार कर, नवा प्रेषक कर' असे लिहावे. शिकाऊ आज्ञावलीत तसेच लिहितात, आणि तिथे ते चालूनही जाते. पुढे निकालसेवेची चाचणी घ्यायची वेळ येते. खोटे गुण देऊन बेरीज बरोबर येते की नाही एवढेच पाहायचे असते, पण भांडार खरे आणि प्रेषकही खरा. चाचणीचे बटण दाबले की सगळ्या पालकांना 'आपला पाल्य अनुत्तीर्ण' अशी पत्रे रवाना! निकालसेवेने आपल्या गरजा स्वतःच भागवल्यामुळे त्यांच्याशी तिची अशी गाठ बसते की त्या बदलायच्या तर तिलाच फाडून पुन्हा शिवावे लागते.

यावरचा उपाय ऐकताना साधा वाटतो. निकालसेवेने काहीही स्वतः निर्माण करू नये. जन्माच्या वेळी दारातच सांगावे, मला एक भांडार लागेल आणि एक प्रेषक लागेल. ते कुठून आले, खरे की चाचणीपुरते, याची चौकशी तिने करू नये. देणारा कोणी दुसराच असावा. या देणाऱ्याला स्प्रिंगमध्ये कंटेनर म्हणतात. आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाने महामार्गावरची लांबलचक मालमोटार उभी राहते, हा भाग वेगळा.

याचा इतिहास फार जुना नाही. रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी २००२ साली जावातील अवजड पद्धतींवर टीका करणारे एक जाडजूड पुस्तक लिहिले; त्यासोबतच्या नमुना आज्ञावलीतून स्प्रिंग उभे राहिले आणि मार्च २००४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. आधीच्या पद्धतींचा हिवाळा संपून वसंत यावा, असा त्या नावामागचा भाव. जॉन्सन यांची पीएच.डी. संगीतशास्त्रातली आहे, हे कळल्यावर आम्हा मानव्यविद्येच्या मंडळींना उगाचच बरे वाटले. 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' हे नाव मात्र त्यांचे नव्हे. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांनी एक लेख लिहिला. तोवर या पद्धतीला 'नियंत्रणाचा उलटफेर' अशा अर्थाचे नाव होते. ते फारच मोघम आहे असे म्हणून त्यांनी व इतर काही जाणकारांनी चर्चेअंती हे नवे नाव मुक्रर केले. शब्द मोघम आहे म्हणून तंत्रज्ञांनी थांबून दुसरा शब्द शोधला, ही गोष्ट मला फार आवडली. आमच्याकडे 'आस्वाद' आणि 'समीक्षा' यांच्यात किती वर्षे घोळ चालला आहे!

नाव नेमके असले तरी ते मराठीत आणणे कठीण. शब्दशः केले तर 'अवलंबित्व-अंतःक्षेपण' होते. हा शब्द मी सरांना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, यापेक्षा इंग्रजी सोपं." त्यांचे बरोबर होते. इंजेक्शनच्या रूपकात सुई आहे, टोचणे आहे, घेणाऱ्याची निष्क्रियता आहे. 'अवलंबित्व' या शब्दाला तर मराठीत लाचारीचा वास येतो. विधवा आणि अवलंबित असे सरकारी अर्जातले शब्द त्याच्या मागे उभे असतात. निकालसेवा लाचार नाही. ती आपली गरज स्पष्ट शब्दांत सांगते आणि बाकीच्या खटपटीतून मोकळी होते.

इथे मला आमच्याच शास्त्रातला एक शब्द आठवला. वाक्य म्हणजे काय याचा विचार करताना आपल्या परंपरेने तीन अटी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. 'आणतो' एवढे म्हटले की कोण आणतो, काय आणतो, याची अपेक्षा उत्पन्न होते, ती आकांक्षा. 'विस्तवाने शिंपतो' म्हटले तर आकांक्षा पुरी होते, पण विस्तवाच्या अंगी शिंपण्याची योग्यता नसते. आणि 'गाय' हा शब्द आज आणि 'आण' उद्या उच्चारला, तर संनिधी नसल्याने वाक्य होत नाही. यात गंमत अशी की क्रियापद आपला कर्ता स्वतः घडवीत नाही. ते फक्त जागा रिकामी ठेवते, आणि त्या जागेत कोणत्या जातीचा शब्द बसेल हे सांगते. निकालसेवा नेमके हेच करते. 'भांडार' या प्रकारची कोणतीही वस्तू चालेल, हे तिचे म्हणणे, ही तिची आकांक्षा. स्प्रिंग आपल्याजवळच्या नोंदींत त्या प्रकारची वस्तू शोधते. प्रकार जुळणे ही योग्यता. एकही योग्य वस्तू नसेल तर आज्ञावली सुरू होण्याआधीच तक्रार येते. दोन असतील तरी येते: एक मागितले, दोन सापडले, कोणते देऊ? मग त्यांपैकी एकीवर 'मुख्य' अशी खूण करावी लागते, किंवा मागणाऱ्याने नाव घेऊन मागावे लागते.

ही तुलना फार ताणू नये हे मला कळते. वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात लागतो. इथे जुळणी यंत्र करते. पण मुलांना मी ती सांगितली तेव्हा वर्गातले चेहरे बदलले, एवढे खरे. टिपणात आम्ही 'गरज' आणि 'पुरवठा' हे शब्द घेतले. गरज सांगणारा वेगळा, पुरवठा करणारा वेगळा.

आता मूळ प्रश्न: पुरवठा करणाऱ्याला कसे कळते? उत्तर आहे, व्याख्येवरून. आणि व्याख्या म्हणजे वस्तू नव्हे, हे इथे आधी पक्के करावे लागते. स्प्रिंगच्या दप्तरात प्रथम केवळ नोंदी तयार होतात: अमुक नावाची वस्तू, अमुक क्लासची, तिला अमुक लागते, जन्मल्यावर अमुक तयारी करावी, बंद होताना अमुक आवराआवर करावी. पाकक्रिया लिहून ठेवावी आणि चूल अजून पेटलेली नसावी, तसे. स्प्रिंगच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही व्याख्येला पाककृतीचीच उपमा दिलेली आहे. सगळ्या नोंदी जमल्या की मग कोणाला कोण लागते हे पाहून क्रम लागतो. भांडार आधी, प्रेषक आधी, निकालसेवा नंतर.

ही नोंद लिहायची कुठे, यावर मात्र वीस वर्षांत मते बदलत गेली, आणि मला सगळ्यांत रस वाटला तो इथे. सुरुवातीला सर्व नोंदी एक्सएमएलच्या स्वतंत्र फायलीत असत. निकालसेवेच्या अंगावर कसलीही खूण नसे; आपण कोणाच्या देखरेखीखाली आहोत याचा तिला पत्ताच नसे. हे तत्त्व देखणे होते, पण फायली शेकडो ओळींच्या होत, आणि क्लासचे नाव इकडे बदलले की तिकडे बदलायचे राहून जाई. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या २.५ या आवृत्तीने 'कॉम्पोनंट', 'सर्व्हिस' अशा खुणा दिल्या. आता क्लासच्या कपाळावरच गोंदायचे. स्प्रिंग सगळ्या क्लासांवरून नजर फिरवील आणि गोंदण दिसेल त्याची नोंद करील. २००९ अखेरीच्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक वाट रुळली: जावातच एक नोंदवहीचा क्लास लिहायचा, आणि त्यात प्रत्येक बीनसाठी एक छोटी कृती, जी वस्तू घडवून परत देते. जो क्लास दुसऱ्याने लिहिलेला आहे, ज्याच्या अंगावर आपल्याला गोंदता येत नाही, त्याच्यासाठी हीच वाट सोयीची. २०१६ च्या ४.३ आवृत्तीपासून तर, जन्माचे दार एकच असेल तर 'इथे पुरवठा करा' असे लिहिण्याचीही गरज उरली नाही.

प्रत्येक पायरीला लिहिणे कमी होत गेले, आणि त्याबरोबर दिसणेही. अनुभवी माणसाला यात सुखच आहे. पण शिकणाऱ्यासाठी हे उलटे आहे असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने फक्त गोंदण पाहिले होते. नोंदवही त्याने कधी पाहिलीच नव्हती. म्हणून टिपणात आम्ही क्रम बदलला. आधी काहीही न वापरता, निकालसेवा, भांडार आणि प्रेषक हाताने जोडायचे. मग नोंदवहीच्या क्लासात लिहायचे. गोंदण शेवटी. सरांना हे प्रथम वेळखाऊ वाटले. अभ्यासक्रम पुरा व्हायला हवा, हे त्यांचे म्हणणे चूक नव्हते.

गोंदणाच्या पद्धतीत नवख्याला सर्वांत जास्त छळणारी तक्रार म्हणजे 'अशी बीन सापडत नाही'. खूण तर लावलेली असते! कारण बहुधा असे असते की स्प्रिंग बूट मुख्य क्लास ज्या पॅकेजमध्ये आहे तिथून आत नजर फिरवते. आपला क्लास त्या कुंपणाबाहेर राहिलेला असतो. तर्कशास्त्रात याला नाव आहे. 'पिंगट रंगाची ती गाय' असे लक्षण केले तर काळ्या-पांढऱ्या गाई बाहेर राहतात: अव्याप्ती. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैस आत शिरते: अतिव्याप्ती. नजर फार वरून फिरवावी तर चाचणीपुरता लिहिलेला खोटा प्रेषकही नोंदला जातो, आणि एक मागितले, दोन सापडले, हा तंटा उभा राहतो. मुलांना हे शब्द इतके आवडले की प्रयोगशाळेत एकजण दुसऱ्याला "अरे, तुझी अव्याप्ती झालीय" असे सांगताना मी ऐकले. तर्कसंग्रह लिहिणाऱ्या अन्नंभट्टाला याची कल्पनाही नसेल.

तिसरा दोष तर जसाच्या तसा सापडला. निकालसेवेला प्रेषक लागतो, आणि प्रेषकाला पत्रात गुण लिहायचे म्हणून निकालसेवा लागते. जन्माच्या दारातच दोघे एकमेकांना मागत असतील तर पहिला जन्म कोणाचा? नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. तिघांत फिरला तर चक्रक. दारातली ही कोंडी स्प्रिंग स्पष्ट नाकारते. पण गरज जन्मानंतर भागवायची असेल, तर अर्धवट घडलेली एक वस्तू दुसरीच्या हाती देऊन ती वेळ निभावून नेत असे. २०२१ मधील स्प्रिंग बूटच्या २.६ आवृत्तीपासून ही सवलतही मुळातच बंद ठेवलेली असते. हवी असेल त्याने मुद्दाम उघडावी. मला हा निर्णय योग्य वाटतो. दोन वस्तूंना एकमेकींवाचून जन्मच घेता येत नसेल, तर बहुधा त्यांच्यात तिसरी वस्तू दडलेली असते. आमच्या उदाहरणात पत्राचा मजकूर तयार करणारी वस्तू वेगळी काढली आणि तंटा मिटला.

राहता राहिला प्रतींचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक. काहीच सांगितले नाही तर स्प्रिंग एका व्याख्येची एकच वस्तू घडवते आणि मागेल त्याला तीच देते. जगात एकच असे नव्हे. त्या कंटेनरमध्ये, त्या व्याख्येपुरती एक. हजार विद्यार्थी एकाच वेळी निकाल पाहत असले तरी निकालसेवा एकच. गेल्या वर्षी एका गटाने आपल्या प्रकल्पात 'सध्याचा विद्यार्थी' ही माहिती निकालसेवेच्याच अंगावर ठेवली होती. एकट्याने पाहिले तेव्हा सगळे ठीक. सादरीकरणात दोन मुलींनी आपापल्या मोबाईलवरून एकदमच निकाल मागितला, आणि एकीच्या पडद्यावर दुसरीचे गुण आले. दुसरीचे दोन विषय राहिलेले होते. वर्गभर शांतता पसरली. व्याख्येत न लिहिलेला एक शब्द काय करू शकतो, हे मला त्या मुलीच्या चेहऱ्यावरून जितके कळले तितके कोणत्याही मार्गदर्शिकेतून कळले नसते. उपाय मोठा नाही: सर्वांनी मिळून वापरायच्या वस्तूने कोणा एकाची गोष्ट स्वतःजवळ ठेवू नये, ती दर मागणीबरोबर यावी आणि जावी.

याच्या उलट 'प्रोटोटाइप' म्हणून व्याख्या केली, तर दर वेळी नवी वस्तू मिळते. तिची एक अट मार्गदर्शिकेत शांतपणे लिहिलेली आहे: कंटेनर तिला घडवतो, तिच्या गरजा भागवतो, मागणाऱ्याच्या हाती देतो आणि नंतर तिची विचारपूस करत नाही. इतर वस्तूंसाठी तो शेवटी जी आवराआवर करतो, ती हिच्या वाट्याला येत नाही. हे वाचताना मला तासिका तत्त्वावर काढलेली माझी वर्षे आठवली. दर सत्राला नवी नेमणूक, नेमणुकीचा कागद अगदी व्यवस्थित. सत्र संपले की कार्यमुक्तीचाही कागद नाही. व्याख्येतच तसे लिहिलेले असल्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? असो.

टिपणे आता छपाईला जायची आहेत. 'बीन' तसाच ठेवला आहे. जावा म्हणजे कॉफी आणि बीन म्हणजे तिची बी, हा त्यामागचा विनोद मराठीत आणून काही साधत नाही. गारुड्याची बीन मुलांना आठवते ती आठवो. 'तो बीन' की 'ती बीन' याचा निकाल मुलांनीच लावला, बहुमताने ती स्त्रीलिंगी झाली. कंटेनरला मी 'पालक' आणि बीनला खुलाशापुरते 'पाल्य' सुचवले होते; शाळेच्या अर्जावरचे हे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. सरांनी 'पालक' मान्य केला, एका अटीवर: कंसात नाही, पण पहिल्या ओळीत 'कंटेनर' हा शब्द आला पाहिजे, कारण मुलाखत घेणारा पालक म्हणणार नाही. हेही मान्य. 'स्कोप' वर मात्र अजून एकमत नाही. मी 'व्याप्ती' म्हणते. सर म्हणतात, मग अव्याप्तीशी गोंधळ होईल, त्यापेक्षा 'आवाका' बरा. आवाका हा माणसाच्या कुवतीचा शब्द आहे, वस्तू किती काळ आणि कोणाकोणात वाटून राहते याचा नव्हे. सोमवारी पुन्हा बसणार आहोत.